हाऱ्यातला तुझा हात

ऐकलं का?

आज बाजार करून आलो. बैल सोडले, त्यांना पाणी दावलं, आणि घरात पाऊल न टाकता सरळ हिरीवर येऊन बसलो, जुड्या बांधायला तू बसायचीस त्याच दगडावर. दगड अजून तापलेला हाय. तू असतीस तर आधी त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतलं असतंस आणि मग बसली असतीस. मी आधी बसलो, मग उठलो, मग पाणी ओतलं. हसू नको.

काय झालं ते सांगतो, पण मधी बोलायचं न्हाई. आता तू कुठली बोलतेस म्हणा. पण सवय जात न्हाई. माझं एक वाक्य झालं की तुझी दोन ठरलेली, म्हणून एक बोलून मी अजून थांबतो, आणि समोर नुसती रिकामी मोट लटकलेली दिसते.

तुझी राख सावडून आलो त्या रोजची गोष्ट. लिंबाखाली भाऊबंद बसले व्हते. माझा थोरला भाऊ, तुला ठाऊकच हाय त्याचं बोलणं, तोंडातली तंबाखू थुंकून म्हणाला, "आता मळा मोडून टाक. पालेभाजी हे बाईमाणसाचं काम. बाई गेली, काम गेलं. मिरगाला तिथं कापसाची पऱ्हाटी लाव आणि सुखानं ऱ्हाय."

आता हेच मी तुला किती वर्षं म्हणत आलो. भांडण झालं की माझं शेवटचं हत्यार तेच, "मोडतो बघ तुझा मळा, लावतो पऱ्हाटी." तू जुडी बांधता बांधता म्हणायचीस, "लावा की. बोंडाची भाजी करून वाढीन." पण दादानं तेच म्हटलं आणि माझं डोकं फिरलं. ते म्हणायचा हक्क माझा, आणि तोही तुझ्यासमोर. मी म्हणालो, "दादा, मळा तिचा हाय. तिला इचारल्याबिगर मोडायचा न्हाई." भाऊबंदांनी एकमेकांकडं बघितलं. याचं डोकं दुःखानं गेलं असं त्यांना वाटलं असणार. वाटू दे.

तवापासून एकच घोर लागला व्हता मला. हिंगोलीच्या बाजारात चिंचेखालची तुझी जागा राहती का जाती. तुझ्या हाताची भाजी माझ्या हातून जगती का मरती. जगली न्हाई तर दादाचंच खरं, मग मळा ठेवून तरी काय उपयोग.

तुला पहिला बाजार आठवतो? मला तर कालच्यासारखा आठवतो. तू नवी नवरी, सेनगावकडची. मोटेचं पाणी पाटातून झिरपून वाया जाऊन राहिलंय म्हणून तू पाटाच्या कडंनं मेथी टाकलीस, मग पालक, मग कोथिंबीर, तू जिला सांबार म्हणायचीस ती. मला न इचारता. उगवलं तवा मला कळलं. एवढी भाजी घरात खाणार कोण, म्हणून बाजाराला न्यायचं ठरलं. बांबूचा तो मोठा हारा भरला मी. मी शेतकऱ्याचा लेक, मला कडब्याची गंजी रचता येते, तर भाजी काय अवघड हाय? बुडापासून काठापतूर दाबून, पायानं नव्हं पण गुडघ्यानं दाबून, थरावर थर रचला. मग वरून घागरभर पाणी ओतलं, ताजी राहावी म्हणून. त्याच्यावर गोणपाट, गोणपाटावर दोर. गंजी अशी बसली व्हती की वादळात हलली नसती.

हिंगोलीत दोर सोडला तर आतून वाफ आली. मेथी पिवळी, पालक काळा, आणि वास तर असा की बैलानं मान फिरवली. शेजारी बसलेला एक बागवान म्हणाला, "पाव्हणं, शिजवूनच आणली की. मीठ तेवढं टाकायचं राहिलं." सारी ओळ हसली. मला वाटलं आता तू रडणार आणि मी तुझ्यावर खेकसणार. तू रडलीच न्हाईस. पदर खोचलास, हाऱ्यात कोपरापतूर हात घातलास, आणि तसाच ठेवून म्हणालीस, "अवं, हिला ताप आलाय."

मी म्हणालो, "भाजीला कुठं ताप येतो?"

तू माझा हात धरून हाऱ्यात घातलास. भर बाजारात, लोकांदेखत माझा हात धरलास, लग्नाला वर्ष नव्हतं झालं. आणि खरंच, आत लेकराच्या कपाळासारखं कढत लागत व्हतं. तू म्हणालीस, "लेकराला ताप आला तर गोधडीत गुंडाळून, वर दोर बांधून, उन्हात ठेवता का तुमी?"

 

पुढचं सारं तुझ्या त्या एका हातातून निघालं. वैद्य नाडी बघतो तसा तू हारा बघायचीस. घरी भरताना हात घालायचीस, ओढ्यावर गाडी थांबली की हात घालायचीस, बाजारात उतरवल्यावर पहिला हात, मग चुंबळ डोक्यावरून काढायची. सूर्य वर यायच्या आधी खुडायचं हे तुझं पहिलं फर्मान. मी म्हणायचो, "काहून एवढी घाई? सूर्य काय भाजी खातो?" तू म्हणायचीस, "रातची थंडी तिच्या अंगात हाय तवर तिला घ्यायची. उन्हानं एकदा ऊब दिली की ती काढायला आपल्याला अर्धा दिवस लागतो." मग हिरीजवळच्या सावलीत ओल्या वाळूवर जुड्या पसरून ठेवायच्या, गप. त्या वेळेला कुणी बोलायचं न्हाई, बैल जुपायची घाई करायची न्हाई. मी बैलांपाशी चुळबुळ करत उभा, आणि तू जुड्यांजवळ बसलेली. "वावराची ऊब उतरू द्या तिच्यातून," म्हणायचीस.

आणि ते धुराडं. हाऱ्याच्या मधोमध तू तुराट्यांची एक पेंडी उभी केलीस, आतून पोकळ ठेवून, आणि तिच्या भोवतीनं जुड्या उभ्या लावल्यास, सैल. मी इचारलं, "हाऱ्यात चूल मांडतेस का? धुराडं कशाला?" तू म्हणालीस, "ताप बाहेर पडाया वाट नको का?" मला पटलं न्हाई. मला तुझं काही लवकर पटलं असं कधी झालंय? मग तूच म्हणालीस, "दोन हारे भरू. एक तुमचा, एक माझा." माझ्या हाऱ्यात धुराडं न्हाई, आणि मला आवडतं तसं पाणी शिंपडलेलं. बाजारात उघडले. तुझी मेथी वावरात उभी असल्यागत, आणि माझी मान टाकून. मी म्हणालो, माझा हारा उन्हाच्या बाजूला व्हता. पुढच्या बाजाराला तू मुकाट्यानं हारे अदलाबदल केलेस. तरी मीच हरलो. तवा मी म्हणालो, माझ्या हाऱ्याची मेथीच जून व्हती. तू एवढी हसलीस की शेजारची सोनीबाई इचाराया उठून आली.

सोनीबाई. तांड्यावरची, डिंक आणि बिब्बे विकायला बसणारी. तुराटीचं धुराडं बघून तिनं मान डोलावली व्हती. म्हणाली, "बराबर हाय बाई. आमचा आजा बैलावर गोण्या वाहायचा. तो म्हणायचा, ओझ्यात वारा खेळला पाहिजे, न्हाईतर माल बी मरतो आणि बैल बी." मग तुम्ही दोघी माझ्याकडं बघून अशा हसल्यात की मी बैलाला पाणी पाजाया निघून गेलो. बैलाला तहान नव्हती.

पाणी शिंपडण्यावरून आपलं भांडण मिटलंच न्हाई. सारा बाजार पानावर पाणी मारतो, झळकती भाजी गिऱ्हाइकाला आवडते. तू पानाला थेंब लागू द्यायची न्हाईस. आत कोरडी पळसाची पानं, आणि ओलं फडकं फक्त वरून, तेही कामट्यांच्या कमानीवर ताणलेलं, भाजीला टेकायचं न्हाई. "पाणी बाहेरून, वारा आतून," हे तू इतक्यांदा म्हणालीस की मला झोपेत सुद्धा ऐकू येई. ओढा आला की मी खाली उतरायचो, फडकं भिजवून पुन्हा ताणायचो. एवढं एक काम तू माझ्यावर सोपवलं व्हतंस, आणि तरी नजर माझ्या हातावर.

लढाईच्या दिवसांत गोणपाट मिळेना, कापड तर औषधाला न्हाई. एक दिवस बघतो तर तू तुझं हिरवं लुगडं फाडून हाऱ्यावर ताणलेलं. मी तापलो. म्हणालो, "बाजारभर बायकोचं लुगडं मिरवीत नेऊ काय? लोक काय म्हणतील?" तू म्हणालीस, "लोक म्हणतील, हिरवी गाडी आली, भाजी ताजी हाय." आणि तसंच झालं की. लांबून ते हिरवं फडकं दिसलं की बाया उठून उभ्या राहायच्या. मला कुणी नावानं ओळखेना. "पालकवालीचा नवरा" म्हणायचे. मी तोंड वाकडं करायचो. आता सांगतो, आत कुठंतरी लई बरं वाटायचं. पागोटं जरा नीट करायचो मी, तू बघितलं न्हाईस.

पहिल्या बाजारी आपल्याला हसलेला तोच बागवान पुढं आपल्याकडून हारा भरून घेऊन आगगाडीनं पूर्णेला पाठवू लागला. पहिल्यांदा पाठवला तवा तू टेसनापतूर गाडीमागं चालत आलीस, डब्यात हारा कुठं ठेवतात ते बघाया. हमालाला म्हणालीस, "बाबा, याच्यावर काही ठेवू नको, आत जीव हाय." हमाल हसला, पण ठेवलं न्हाई त्यानं. पुढच्या बाजारी बागवान येऊन सांगून गेला, पूर्णेत उघडली तर जुडी गारच. तुझी मेथी आगगाडीत बसून आली. तू न्हाई बसलीस कधी. मी नेईन म्हणत राहिलो.

आणि एकदा, परत येताना, रिकाम्या गाडीत पाय सोडून बसली व्हतीस तवा म्हणालीस, "अवं, बाजारात मला समदे पालकवाली म्हणतात. गावात लेकीवरून सरूची माय म्हणतात. तुमी 'ऐकलं का' म्हणता. माझं नाव माहेरीच राहिलं का?" मी म्हणालो, "नाव म्हणजे काय पालक हाय, रोज खुडाया?" तू हसलीस. पुन्हा इचारलं न्हाईस. खरं सांगू? मला लाज वाटायची. लग्नात घास भरवताना बाया नाव घे म्हणाल्या तर मी घासच तोंडात कोंबून बसलो व्हतो, आठवतं? आपल्यात पुरुष बायकोचं नाव चारचौघांत घेत न्हाई. बापानं आईचं घेतलेलं मी ऐकलं न्हाई, दादानं वहिनीचं घेतलेलं ऐकलं न्हाई. मग माझ्या तोंडाला कुठून वळण लागायचं?

मग तो ताप आला. तुझ्या अंगात.

त्या दुपारचं मी जास्ती बोलणार न्हाई. म्हाताऱ्या बायांनी तुझ्यावर गोधड्यांवर गोधड्या टाकल्या, घाम सुटला की ताप उतरल म्हणून. तू डोळे न उघडता म्हणालीस, "काढा. वारा येऊ द्या." मी काढल्या. साऱ्या बायांशी भांडलो, दार उघडलं, हाऱ्यावरचं तेच हिरवं फडकं भिजवून तुझ्या कपाळावर ठेवलं. तू शिकवलं तसंच केलं, बराबर तसंच. हात लावून बघायचो. फडकं कढत. पुन्हा भिजवायचो. हाऱ्याला धुराडं करता येतं गं. माणसाला कुठून करायचं?

आणि तशातही तुला सांबाराची काळजी. "मुळं कापू नका," म्हणालीस. आपलं ते जुनं भांडण. मी म्हणायचो मुळाची माती गिऱ्हाइकाला नको असते, छाटून न्यावं. तू म्हणायचीस, "मूळ हाय तवर त्याला वाटतं आपण वावरातच हाय." मी म्हणायचो, त्याला काय वाटतं ते तुला येऊन सांगतं का? पण त्या दुपारी मी म्हणालो, "बरं. न्हाई कापत." तू डोळे उघडून माझ्याकडं बघितलंस. मी न भांडता ऐकलं, तुला खरं वाटेना.

सुतकात आपल्या घरची भाजी कुणी घेत नसतं. बाजार आले आणि गेले. इकडं मेथीला फुलं आली, पालक आडदांड वाढला, आणि तिकडं चिंचेखालची जागा. बाजाराची रीत तुला माहीत हाय, जागा लागोपाठ रिकामी राहिली की जो बसेल त्याची. मी इथं गुडघ्यात मान घालून बसलेला, आणि मनात तीच चिंच.

तेरावा झाला. पाटाच्या वरच्या वाफ्यात तू मागं टाकलेली मेथी आणि सांबार कोवळं व्हतं, ते आज पहाटे खुडलं. दादा बांधावर येऊन उभा राहिला. मी वाळूवर जुड्या पसरल्या आणि गप बसलो, वावराची ऊब उतरंपतूर. बैलांपाशी चुळबुळ करायला कुणी नव्हतं, म्हणून बैलच चुळबुळ करत व्हते. पळसाला नवी पानं आलेली, ती तोडून हारा मढवला. तुराट्या उभ्या केल्या. सांबार मुळासकट ठेवलं. हिरवं फडकं कामट्यांवर ताणलं. तुझी लुगडी दिली वाटून, रीतीपरमाणं. हे न्हाई दिलं.

ओढ्यावर उतरलो, फडकं भिजवलं, आणि हाऱ्यात कोपरापतूर हात घातला. ऊब लागली, थोडीच, पण लागली. वैशाखाचं ऊन, अजून निम्मी वाट बाकी. भाजी उतरवून बघितली तर धुराडं एका अंगाला कललेलं, जुड्या त्याच्यावर रेललेल्या. पेंडी मी ढिली बांधली व्हती. ओढ्याच्या सावलीला बसून सारा हारा पुन्हा लावला. आणि खरं सांगतो, लावताना मी मोठ्यानं बोलत व्हतो, "सैल, सैल, दाबू नका." माझ्याच तोंडातून तूच बोलत व्हतीस.

हिंगोलीत पोचलो. चिंचेखाली बघायची छाती होईना. बघितलं तर सोनीबाई बसलेली. तिची डिंकाची पाटी तुझ्या निम्म्या जागेत, आणि उरलेल्या निम्म्या जागेत एक गोणपाट पसरून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवलेले. प्रत्येक बाजारी तिनं तसंच केलं. कुणी बसाया आलं की सांगायची, "उठ, हिथली बाई येऊन राहिली, वाटंत हाय." तिला तुझं कळलं नव्हतं काय? पहिल्याच बाजारी कळलं व्हतं. तरी म्हणायची, येऊन राहिली.

मी हारा उतरवला. ओळीतल्या बाया गोळा झाल्या. काही हळहळायला, काही भाजी कशी झाली ते बघाया, मी काय बाजार ओळखत न्हाई? मी फडकं काढलं. पान न् पान उभं व्हतं गं. मेथी, सांबार, सारं. तेवढ्यात तुझी ती म्हातारी खाला आली, दर बाजारी पालक राखून ठेवाया सांगणारी. तिनं काही न इचारता हाऱ्यात हात घातला, तू घालायचीस तसा, तुझ्याकडूनच शिकलेली असणार. आणि हात तसाच ठेवून म्हणाली, "थंडी है, बेटा." मग तिचे डोळे भरले. म्हणाली, "इत्ते बरसां उसकी भाजी खाई. पालकवाली बोलते रही. नाम कबी पूछा नै. क्या नाम था उसका?"

समोर सारी ओळ, सोनीबाई, बागवान, हमाल, आणि मी. तोंडात जणू लग्नातला तोच घास.

मी म्हणालो, "मथुरा."

आवाज बारीक निघाला. खालानं कानाशी हात नेला. मग मी उभा राहिलो, जसा मोट हाकताना राहतो तसा, आणि पोटातून ओरडलो, "मथुराबाईची मेथी! मथुराबाईचं सांबार, मुळासकट!" सारा बाजार वळून बघाया लागला. सोनीबाईनं पदर तोंडाला लावला. मला लाज वाटली न्हाई. मी हारा रिकामा होईपतूर ओरडत राहिलो, आणि रिकामा झाल्यावरही एकदा.

दादाला येताना वाटंतच सांगितलं, मळा मोडायचा न्हाई. तो म्हणाला, मग भाजी करणार कोण? मी म्हणालो, पालकवालीचा नवरा.

आता अंधारून आलंय. घरात जातो. पाटाच्या कडंचे फुललेले वाफे उद्या उपटून नवं सांबार टाकतो. ते मुळांचं माझं मत अजून तेच हाय, पुढच्या खेपंला एक जुडी छाटून नेऊन बघणार हाय मी, सांगून ठेवतो.

ऐकलं का, मथुरे?